पाणी बुटात वरून येतं: दमट हवेतले लाँग रन आणि ओले बूट

प्रश्न असा आहे: "ठाण्यात राहतो, वजन ८२ किलो. जानेवारीच्या मुंबई मॅरेथॉनची तयारी चालू आहे. आठवड्यातून चार दिवस पळतो, बुटांचा जोड एकच. ऑक्टोबर लागल्यापासून रविवारच्या लाँग रनमध्ये दहाव्या-बाराव्या किलोमीटरपासून बुटांतून पचक-पचक आवाज येतो. घरी आल्यावर बूट उन्हात ठेवतो, तरी मंगळवारी आत ओल असते. वास जात नाही. आता बोटांच्या बेचक्यातली कातडी पांढरी पडून सोलायला लागली आहे. वॉटरप्रूफ बूट घ्यावेत का?"

आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देते, कारण त्यात तुमचे पैसे वाचणार आहेत. वॉटरप्रूफ बूट घेऊ नका. बाहेरचं पाणी आत शिरू नये म्हणून त्यात एक पडदा असतो. थंड प्रदेशात, चिखलात, बर्फात तो उपयोगी पडतो. तुमचं पाणी मात्र बाहेरून येतच नाही. ते पाय घालायच्या तोंडातून, वरून आत येतं, आणि तो पडदा मग त्याला बाहेर पडू देत नाही. साध्या जाळीच्या बुटातून निदान प्रत्येक पावलाला थोडं पाणी दाबून बाहेर फेकलं जातं. वॉटरप्रूफमध्ये तेही नाही.

"वरून येतं" हे नीट समजून घ्या, कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे. बूट ओले झाले की आपण म्हणतो, पायाला फार घाम येतो. तळपायावर घामाच्या ग्रंथी दाट असतात हे खरं, पण बूट पचपचण्याइतकं पाणी एकट्या पायातून येत नाही. अशा हवेत पळणाऱ्या माणसाच्या अंगातून तासाला एक ते दीड लिटर घाम सहज जातो, काहींचा दोन लिटरपर्यंतही. हवा कोरडी असेल तर तो अंगावरच उडून जातो. माझी बहीण नागपूरला पळते. मे महिन्यात तिच्या टोपीवर मिठाचे पांढरे नकाशे उमटलेले असतात, पण बूट कोरडे. आपल्याकडे ऑक्टोबरच्या सकाळी हवेत आधीच इतकी वाफ असते की घामाला उडून जायला जागाच नाही. मग तो वाहतो. पाठीवरून कमरेत, तिथून शॉर्ट्समध्ये, मांडीवरून पोटरीवर आणि पोटरीवरून मोज्यात. मोजा समईतल्या वातीसारखा काम करतो, फक्त उलट्या दिशेने: पाणी ओढून खाली बुटात पोचवतो.

मी गेली सोळा वर्षं शिवाजी पार्कला पळते आणि त्यातली बरीच वर्षं नवीन लोकांना लाँग रनसाठी तयार करते आहे. एकदा आम्ही आठ जणांनी स्वयंपाकघरातला वजनकाटा आणून रनच्या आधी आणि नंतर बूट तोलले. माझा एक बूट २३२ ग्रॅमचा होता, २४ किलोमीटरनंतर ३०५ भरला. आमच्यातल्या सर्वांत जास्त घाम येणाऱ्या गड्याचा बूट ११० ग्रॅमने वाढला होता. प्रत्येक पाय मिनिटाला ऐंशी-पंच्याऐंशी वेळा उचलला जातो. तेवढ्या वेळा हे जादा वजन तुम्ही पायाच्या पार टोकाला बांधून उचलताय. शेवटच्या पाच किलोमीटरला पोटऱ्या भरून येतात त्यात याचाही वाटा असतो.

तेव्हा पहिलं काम घरी पोचल्यावरचं नाही, वाटेतलं आहे.

डोक्यावर पाणी ओतायची सवय असेल तर उभ्याने ओतू नका. थांबा, कमरेत वाका, मान खाली घाला आणि मग मानेवर आणि डोक्यावर ओता, म्हणजे पाणी पुढे रस्त्यावर पडेल. सरळ उभं राहून ओतलेली अर्धी बाटली मिनिटभरात मोज्यात पोचलेली असते. मुंबईच्या स्पर्धेत स्पंजचे स्टॉल असतात तिथेही हेच. स्पंज मानेवर, दंडांवर, चेहऱ्यावर पिळा, मांड्यांवर नको.

बनियन आणि शॉर्ट्सचा घेर दर तीन-चार किलोमीटरला हाताने पिळून काढायचा. ऐकायला विचित्र वाटतं, पण मुठीत किती पाणी येतं ते एकदा बघा. ते सगळं बुटात जाणार होतं. ज्यांना फार घाम येतो त्यांना मी घोट्याच्या वर टर्किश कापडाची पट्टी घालायला सांगते. टेनिस खेळणारे मनगटावर घालतात तसलीच, थोडी मोठी. ती अर्ध्या-पाऊण तासात भिजून जाते, मग पिळून परत घालायची. पट्टी घट्ट नको, पोटरीवर वळ उठता कामा नये.

मोजे सुती असतील तर आजच बाजूला काढा. सूत पाणी पितं, धरून ठेवतं आणि फुगून पायाखाली त्याच्या घड्या पडतात. त्या घडीवरच फोड येतो. पॉलिएस्टर किंवा नायलॉनचे पातळ मोजे घ्या. पाच बोटांचे मोजे मिळतात, ते घालायला वेळ लागतो, पण बोटावर बोट घासण्याचा ज्यांना त्रास आहे त्यांना फार गुण येतो. २० किलोमीटरच्या वर जाणार असाल तर कोरड्या मोज्यांचा एक जोड झिप असलेल्या पिशवीत बरोबर ठेवा. तुम्ही उपवन ते येऊर असे फेरे मारत असाल तर गाडीत किंवा ओळखीच्या चहावाल्याकडे ठेवता येईल. अर्ध्यात थांबून बूट काढा, इनसोल (बुटातली पायाखालची पातळ गादी) निघत असेल तर काढून रुमालाने दाबून टिपा, पाय पुसा, बोटांना नव्याने व्हॅसलीन लावा आणि कोरडे मोजे घाला. चार मिनिटं जातात. सरावात या चार मिनिटांची किंमत शून्य आहे, आणि पुढचे दहा किलोमीटर वेगळ्याच पायांनी पळल्यासारखे जातात. ओल्या कातडीचं घर्षण कोरड्या कातडीपेक्षा जास्त असतं, म्हणून ओल्या मोज्यात फोड लवकर येतात. व्हॅसलीन ते घर्षण कमी करतं. बुटात टाल्कम पावडर मात्र ओतू नका. तासाभरात तिचा लगदा होतो आणि तो खड्यासारखा बोचतो.

आता रन संपल्यावरचा पहिला तास. मला सर्वांत जास्त चुका इथे दिसतात. लोक ओल्या बुटांतच स्ट्रेचिंग करतात, पोहे खातात, गप्पा मारतात, तसेच गाडीत बसून घरी जातात, आणि घरी बूट थेट चपलांच्या कपाटात जातात. नाहीतर बूट प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून डिकीत राहतात आणि संध्याकाळी आठवतात. बंद, उबदार, ओली जागा, वर कातडीचे कण आणि घाम. जंतूंना याहून जास्त काही लागत नाही. तेव्हा रन संपला की बूट-मोजे काढायचे, पाय पुसून उघड्या चपला घालायच्या. चपला आधीच बरोबर असू द्या. बूट न्यायला कापडी पिशवी.

घरी आल्यावर लेस सैल करा, जीभ पूर्ण पुढे ओढा, इनसोल बाहेर काढा. ती चिकटवलेली असेल तर ओढून फाडू नका, तशीच राहू द्या. मग नळाखाली बूट आतून साध्या पाण्याने खळखळून घ्या.

इथे प्रत्येक जण विचारतो, ओला बूट आणखी ओला कशाला करायचा? मिठामुळे. लिटरभर घामात अर्धा ते दोन ग्रॅम सोडियम असतं आणि ते बहुतेक मिठाच्या रूपात. पाणी उडालं तरी मीठ बुटाच्या कापडात आणि फोममध्ये राहतं. पावसाळ्यात मिठाची बरणी कशी पाझरते, आठवा. हवेतली सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी स्वतःहून ओढून घेतं. ठाण्या-मुंबईत पावसाळाभर आणि नंतरच्याही कितीतरी रात्री हवा त्याच्या वर असते. म्हणजे तुमचा खारवलेला बूट दिवसा वाळतो आणि रात्री कपाटात बसून पुन्हा ओल धरतो. तुम्ही लिहिलंय की उन्हात ठेवूनही मंगळवारी आत ओल असते, त्याचं हे एक मोठं कारण आहे. शिवाय मीठ वाळलं की कापड कडक होतं आणि टाचेमागे घासतं. साध्या पाण्याने एकदा खळखळलं की हे सगळं टळतं. साबण रोज नको.

मग जुना पंचा किंवा टॉवेल घ्या, बुटाच्या आत कोंबा, बाहेरूनही गुंडाळा आणि दोन्ही हातांनी दाबा. बूट पिळायचा नाही, त्याचा आकार जातो. सेमी-ऑटोमॅटिक मशीन असेल तर इनसोल आणि लेस टॉवेलमध्ये गुंडाळून ड्रायरमधून काढायला हरकत नाही. बूट मात्र त्यात घालू नका.

पुढे वर्तमानपत्र. हे सगळ्यांना माहीत असतं, पण बहुतेक जण एकदाच भरतात आणि रात्रभर तसंच सोडतात. कागद वीस मिनिटांत जेवढं पाणी ओढायचं तेवढं ओढतो, त्यानंतर तो नुसता ओला बोळा असतो आणि हवा आत जाऊ देत नाही. म्हणून पहिला कागद वीस मिनिटांनी बदला, दुसरा तासाने, आणि मग कागद काढूनच टाका. बूट पांढरा असेल तर शाई लागते, तेव्हा आधी टिश्यू किंवा कोरा कागद आत घाला.

त्यानंतर पंखा. बूट वाळवतो तो वारा. लोक उष्णतेच्या मागे लागतात, आणि आपल्या हवेत नेमकं तेच उपयोगी पडत नाही. ओल्या बुटाच्या आतली हवा काही मिनिटांत वाफेने भरते. ती हलवली नाही तर वाळणं तिथेच थांबतं, भोवती कितीही गरम असो. टेबलफॅन जमिनीवर ठेवा, समोर बूट भिंतीला असे तिरके टेकवा की बुटाचं तोंड पंख्याकडे राहील आणि वारा थेट बोटांच्या टोकापर्यंत जाईल. जीभ आणि टाचेभोवतीची गादी यांच्यात फोम असतो, सर्वांत उशिरा वाळते ती हीच जागा, म्हणून त्यांना वारा लागतोय ना ते बघा. माझ्या घरी या पद्धतीने सहा ते आठ तासांत बूट वाळतात. ज्या खोलीत एसी चालतो तिथे आणखी लवकर, कारण एसी हवेतलं पाणी काढून घेतो. रात्री एसी लावत असाल तर बूट त्या खोलीत घ्या.

सिलिका जेलच्या पुड्यांबद्दलही विचारतात. पाच ग्रॅमची पुडी दीड-दोन ग्रॅम पाणी धरते. माझ्या एका बुटातच सत्तर ग्रॅमच्या वर पाणी होतं. पुड्या वाळलेले बूट साठवून ठेवताना चांगल्या, भिजलेल्या बुटाला त्यांचा उपयोग नाही.

उन्हाबद्दल माझं मत स्पष्ट आहे: इनसोल आणि लेस अर्धा तास उन्हात जरूर ठेवा, बूट सावलीत. मिडसोलचा, म्हणजे बुटाच्या मधल्या जाड थराचा, फोम आणि तळ गोंदाने जोडलेले असतात. तापलं की गोंद सैल पडतो, फोम आकसतो आणि त्याची उसळी कमी होते. मी एकदा मे महिन्यात ओले बूट गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवून दुपारभर विसरले होते. जेमतेम दोनशे किलोमीटर पळालेला जोड होता, बोटांकडचा तळ उलून आला आणि चिकटवला तरी पुन्हा सुटला. हेअर ड्रायर, इस्त्री, गॅसची शेगडी, ओव्हन, कपड्यांचा गरम ड्रायर, या सगळ्यांना हेच लागू. स्पर्धेचे महागडे, हलक्या फोमचे बूट असतील तर त्यांना उष्णतेपासून जास्तच जपा.

वासाचं थोडक्यात सांगते. घामाला स्वतःचा वास नसतो. कातडीवरचे जंतू घामातले आणि मेलेल्या कातडीतले घटक खातात आणि त्यातून आंबट, जुनाट चीजसारखा वास असलेलं आम्ल तयार होतं. त्यामुळे अत्तर मारून तो जात नाही. खाण्याचा सोडा रात्रभर टाकून सकाळी झटकला तर आम्ल थोडं मारलं जातं आणि वास कमी होतो, पण जंतू राहतातच. बूट पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवा असाही सल्ला फिरतो. गारठ्याने बहुतेक जंतू मरत नाहीत, नुसते थांबतात आणि पायाची ऊब मिळाली की पुन्हा सुरू होतात. खरा उपाय म्हणजे दर रनला खळखळणं, लवकर वाळवणं आणि तीन-चार आठवड्यांतून एकदा सौम्य साबणाने, जुन्या टूथब्रशने, गार पाण्यात आतून-बाहेरून हाताने धुणं. ब्लीच नको, गरम पाणी नको, वॉशिंग मशीन नको. साबण पूर्ण निघेपर्यंत पाणी घाला, नाहीतर पुढच्या रनला बुटातून फेस येतो. इतकं करूनही वास राहिला तर तो इनसोलमध्ये मुरलेला आहे. इनसोल वेगळी विकत मिळते, ती बदला.

आता तुम्ही प्रश्नात शेवटी लिहिलेली गोष्ट, जी माझ्या मते पहिली असायला हवी होती. बेचक्यातली पांढरी, सोलणारी कातडी. या चिखल्या आहेत. भातलावणीत दिवसदिवस चिखलात उभ्या राहणाऱ्या बायकांच्या पायांना होतात त्याच. कोकणात त्यावर मेंदी लावतात, करंजेल लावतात. तुमचा बूट हे तुमचं भाताचं खाचर झालं आहे. पाणी मुरून कातडी मऊ पडते, तिथे बुरशी धरते आणि मग भेग पडते. भेगेतून आत काहीही जाऊ शकतं. २०११च्या ऑक्टोबरमध्ये मी तीन आठवडे अशा चिखल्या अंगावर काढल्या. रोज त्याच ओलसर बुटांत पळत होते. एका सोमवारी पाऊल लाल होऊन सुजलं, रात्री ताप भरला. भेगेतून जंतू आत गेले होते. दवाखान्यात तीन दिवस शिरेतून औषध घ्यावं लागलं आणि त्या जानेवारीची स्पर्धा मी फुटपाथवर उभं राहून पाहिली. म्हणून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाचे पाय मी दर पंधरा दिवसांनी बघते. कुणी लाजलं तरी बघते.

तुम्ही काय करायचं: दोन्ही वेळा पाय साबणाने धुऊन बोटांच्या मधली जागा सुती कपड्याने अगदी कोरडी करा. क्लोट्रिमॅझोलचं मलम औषधाच्या दुकानात मिळतं, ते दिवसातून दोनदा लावा. चार-पाच दिवसांत खाज थांबते आणि लोक मलम बंद करतात, तिथेच चूक होते. बरं दिसायला लागलं तरी लावत राहा, साधारण चार आठवडे. पायाचा टॉवेल वेगळा ठेवा, घरातल्या कुणाला देऊ नका. आणि तळव्यावर टाचणीने टोचल्यासारखे बारीक खड्डे दिसत असतील, वास फार तीव्र असेल, तर ती बुरशी नसून जंतूंचा प्रकार असू शकतो. त्यावर बुरशीचं मलम चालत नाही, त्वचेच्या डॉक्टरांकडे जा. लाली पसरत असेल, पाय गरम लागत असेल, ताप असेल तर त्याच दिवशी जा. मधुमेह असेल तर वाट बघूच नका, आजच दाखवा.

यात ऑफिसचाही भाग आहे. रविवारी पाय तीन तास ओले राहिले, पण सोमवार ते शुक्रवार बंद चामडी बुटांत आणि नायलॉनच्या मोज्यांत ते रोज दहा तास दमट असतात. टेबलाखाली बूट काढून बसता आलं तर बसा, दुपारी मोजे बदला. रविवारचा उरलेला दिवस घरात अनवाणी किंवा उघड्या चपलेत घालवा.

आठवड्यातून चार रन आणि जोड एक, हे गणित आपल्या हवेत जमत नाही. दुसरा जोड घ्या, महागडा नको. मागच्या वर्षीचं मॉडेल सवलतीत मिळतं. दोन जोड आलटून पालटून वापरले की प्रत्येकाला किमान अठ्ठेचाळीस तास मिळतात. लक्झेंबर्गमध्ये २६४ धावपटूंवर २२ आठवडे एक अभ्यास झाला होता. त्यात एकाहून अधिक जोड आलटून वापरणाऱ्यांना दुखापतीचा धोका ३९ टक्के कमी दिसला. एका अभ्यासावर मी फार भार टाकणार नाही, पण माझ्या ग्रुपमधला अनुभव त्याच्या विरुद्ध जात नाही.

दुसरा जोड घेताना दुकानात बूट दिव्यासमोर धरा. बोटांवरच्या जाळीतून उजेड आरपार दिसला पाहिजे. जीभ पातळ हवी, टाचेभोवतीची गादी कमी हवी. दुकानात बसून मऊ गादी छान वाटते, पण तीच सर्वांत जास्त पाणी पिते. लाँग रनमध्ये पाय सुजतो म्हणून पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा ठेवा, त्याहून जास्त नको. ओल्या मोज्यात पाय पुढे सरकतो आणि नखं काळी पडतात. तसं होत असेल तर लेससाठीचं सगळ्यात वरचं, सहसा रिकामं राहणारं भोक वापरून टाच बांधून घ्या. पाणी जाण्यासाठी तळाला तापल्या सुईने भोकं पाडणारे मी पाहिले आहेत. तसं करू नका, फोम तिथून फाटत जातो.

या रविवारी लांब पळू नका. बेचक्यातली भेग मिटेपर्यंत दहा किलोमीटरच्या आत राहा, कोरड्या बुटांत, अर्ध्यात मोजे बदलून. निघण्याआधी आणि आल्यावर बूट तोलून आकडे लिहून ठेवा. त्यानंतरच्या रविवारी वाकून पाणी ओतणं, बनियन पिळणं आणि घोट्याची पट्टी हे तिन्ही करून पुन्हा तोला. दोन्ही आकडे आणि चिखल्यांची अवस्था मला कळवा, मग बत्तीस किलोमीटरच्या रनचं बघू.